घासलेल्या पट्ट्या

पंपघरात सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांची मुलगीसुद्धा काकाच म्हणायची.

म्हणजे फक्त सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेतून ती पंपघरात यायची तेव्हा. एरवी ते तिचे बाबाच होते. रविवारी ती त्यांच्या खोलीवर जायची, खोली आवरायची, त्यांच्या चष्म्याच्या काचा आपल्या रुमालाने पुसून द्यायची आणि दार नीट लावून घ्या म्हणून दहादा बजावून परतायची. पण वीजकेंद्राचं फाटक ओलांडलं की बाबांचे काका व्हायचे आणि पोरीची मॅडम. फाटकावरच्या शिपायाला एवढा मोठा बदल कधी दिसला नाही. तो बिचारा डबे आणि पिशव्याच तपासायचा.

हे ठरवलं कुणी म्हणाल, तर कुणीच नाही. ती शाळेत जात होती तेव्हापासून काका त्या नदीकाठच्या पंपघरात कंत्राटी कामावर होते. नदीचं पाणी आत येतं तिथे लोखंडी गजांची जाळी आहे. तिला अडकलेला पाला, फांद्या, प्लॅस्टिक, कधी एखादी चुकलेली चप्पल लांब दांड्याच्या दाताळ्याने वर ओढायची, हे त्यांचं काम. त्या दाताळ्याच्या जिवावर पोरगी शिकली, रसायनशास्त्रात पहिली आली, आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच केंद्रात, पाण्याची केमिस्ट म्हणून. कळलं त्या संध्याकाळी बाप कितीतरी वेळ नुसता हसत होता. मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, की तिथे तुला हाक काय मारू? मुलगी गप्प राहिली. गप्प राहणं हेही एक उत्तरच असतं, आणि ते बापाला बरोबर पोचलं. "मॅडमच म्हणतो," ते म्हणाले. "सगळे तेच म्हणणार. मी एकट्याने वेगळं म्हटलं तर बरं दिसायचं नाही."

तिने नको म्हटलं नाही. तिचा गुन्हा एवढाच, पण तो तिथेच थांबला नाही. पहिल्या दिवशी मोठे साहेब तिला केंद्र दाखवत पंपघराशी आले आणि ओल्या हातांनी बाजूला सरलेल्या माणसाकडे बघून म्हणाले, हे आपले काका, फार जुने आहेत. तिच्या तोंडून निघून गेलं, "नमस्कार, काका." काकांनी मान लववली. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला. माणूस कशालाही सरावतो, लाजेलाही.

पुढचं सोपं होतं. प्रयोगशाळेत एकमेकांच्या घरच्या चौकश्या होत. एकीचे वडील डॉक्टर, एकाचे शाळेत मुख्याध्यापक. तुझे काय करतात, असं विचारल्यावर तिने सांगितलं, निवृत्त झालेत, पाणीखात्यात होते. शेवटी काम पाण्याचंच की, म्हणजे अगदी खोटं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कंत्राटी माणसाचं आडनाव काय हे कुणी विचारत नाही, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. तरी एका रविवारी तिने बापाला सुचवून पाहिलं, की आता कशाला या वयात दाताळं ओढता, मी कमावते आहे ना. बोलणं मायेचं होतं, पण त्यातली माया किती आणि पोटातली भीती किती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाप म्हणाले, घरी बसलो तर गंज चढेल, आणि तिथे निदान सोमवारी तू दिसतेस. तिने चष्मा पुसायला घेतला.

आता सोमवारचं. शिंपल्यांशिवाय ते सांगता येणार नाही.

वीजकेंद्राची यंत्रं तापतात आणि ती गार ठेवायला नदीचं पाणी नळांमधून सतत फिरवावं लागतं. पाण्याबरोबर शिंपले येतात. शिंपला दिसायला गरीब, पण आतून पक्का बेरकी. मोठा शिंपला जाळीत अडकतो, तो प्रश्न नाही. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ती कुठल्याही जाळीतून आत शिरतात, नळाच्या भिंतीला किंवा कोपऱ्यातल्या गाळात बूड टेकतात आणि तिथेच वाढतात. खायला-प्यायला जागेवर येतं, शत्रू कुणी नाही. जावयालासुद्धा इतकी सोय मिळत नाही. काही महिन्यांत नळाचं तोंड बंद होतं, यंत्र तापतं, आणि शहराची वीज जाते. आदल्या वर्षी तसं होता होता राहिलं होतं.

यावर औषध म्हणजे पाण्यात क्लोरिन सोडायचा. पण वाढलेल्या शिंपल्याला क्लोरिनची चव लागली की तो तोंड मिटतो आणि दिवसच्या दिवस मिटून बसतो. तुम्ही थकलात की हा तोंड उघडतो. म्हणून त्याला तान्हेपणीच गाठावं लागतं. पिल्लांच्या दिवसांत क्लोरिन थोडा थोडा, पण अखंड सोडायचा. बरं, हात सैल सोडून ओतावा तर तेच पाणी पुढे नदीत जातं, मासे मरतात, आणि नदीवर देखरेख करणाऱ्या खात्याची माणसं बाटल्या भरून न्यायला येतात. कमी झाला तर शिंपले, जास्त झाला तर खातं. नेमका किती, हे सांगायला तिने पंपघरात पेटी बसवली होती.

पेटी साधीच. क्लोरिन मिसळलेल्या पाण्यातलं थोडं पाणी बारीक नळीने पेटीत येतं आणि पुढे निघून जातं. आत पाटीएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या टांगलेल्या. जे मोठ्या नळात घडतं तेच पट्ट्यांवर घडतं. आधी बुळबुळीत थर धरतो, मग त्या थरावर पिल्लं येऊन बसतात. सोमवारी पट्ट्या काढायच्या, भिंगाखाली धरायच्या, पिल्लं मोजायची. पिल्लं दिसली तर क्लोरिन वाढवायचा, नाही दिसली तर कमी करायचा. नळात डोकावता येत नाही, म्हणून पेटीत डोकावायचं.

पहिले काही सोमवार पट्ट्यांवर थर होता आणि थरावर ठिपके होते. एकदा पट्टी उचलताना ती घाण तिच्या बाहीवर ओघळली आणि तिने तोंड वाकडं केलं. पलीकडे दाताळं घेऊन काका उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

पुढच्या सोमवारी पट्ट्या चकचकीत होत्या. त्याच्या पुढच्याही. तिला आनंद झाला, क्लोरिन लागू पडला. खरं तर एकदा तिने पट्टीवरून बोट फिरवलं होतं आणि बोट धुतलेल्या ताटावरून फिरावं तसं कुरकुरलं होतं. नदीच्या पाण्यात आठवडाभर टांगलेली पट्टी, आणि तिला बुळबुळ नावालाही नाही? शंका आली, नाही असं नाही. पण वाईट बातमी माणूस दहा वेळा तपासतो, आणि चांगली बातमी कुणी उलटून बघत नाही. तिने क्लोरिन कमी करायची शिफारस केली. पट्ट्या चकचकीतच राहिल्या. तिने आणखी कमी केला. नदीवाल्या खात्याने खूश होऊन पत्र पाठवलं, मोठे साहेब ते पत्र खिशात घालून फिरू लागले, आणि इतर केंद्रांतल्या लोकांना ही पद्धत समजावून सांगायला तिला बोलावणी येऊ लागली. केंद्रात तिचं नाव पडलं शिंपलेवाल्या मॅडम. तिला ते आवडायचं, वर वर नाराजी दाखवण्याइतकं.

त्याच दिवसांत एका सोमवारी पंपघराच्या फोरमनशी तिचं बोलणं झालं. फोरमन मोठा बोलका माणूस, तोंडाला कुलूप नाही. काका बाहेर जाळीपाशी होते आणि फोरमन त्यांच्याकडे हनुवटी करून सांगत होता, की या माणसाची एक पोरगी आहे म्हणे, खूप शिकलेली, मोठ्या हुद्द्यावर. दिवसातून दोनदा तिचं कौतुक ऐकवतात. पण बापाला बघायला इकडे कधी फिरकली नाही. कुठे असते विचारलं तर लांब असते म्हणतात.

"असल्या पोरीला काय जाळायचंय, मॅडम?" फोरमन म्हणाला.

"हो ना," मॅडम म्हणाल्या.

तो शब्द तोंडातून गेला आणि मग आपण काय म्हटलं ते तिला उमगलं. पट्टी हातात धरून ती नुसती उभी राहिली. बाहेर काका दाताळं झटकत होते. स्वतःलाच जाळायला तिने मान डोलावली होती, आणि तेही हसतमुखाने. पुढच्या रविवारी डोकं दुखतंय असं कळवून ती बापाकडे गेली नाही.

मग ती दुपार आली. तेलाच्या तापमानाचा काटा चढू लागला. यंत्राच्या फिरत्या दांड्याला जे तेल लागतं, ते नदीच्या पाण्याने गार होतं. पाणी पुरेसं येईना, तेल तापलं, आणि दांडा जळायच्या आत नियंत्रण कक्षातल्या लोकांनी यंत्र बंद केलं. शहर बसलं भर दुपारी पंख्याविना. तेल गार करणाऱ्या टाकीचं झाकण खोललं तेव्हा ती तिथेच होती. आतल्या बारीक नळ्यांची तोंडं शिंपल्यांनी ठासून भरली होती, आणि खाली पोतं फुटून चणे सांडावेत तसा ढीग. वास असा की फिटरने नाकाला फडकं बांधलं. त्याने ओंजळभर काढून तिच्यासमोर धरले. काही अजून जिवंत होते. तिने एक उचलला. अंगठ्याच्या नखाएवढा. एवढा व्हायला महिने लागतात. म्हणजे ती कागदावर शून्य लिहीत होती ते सगळे सोमवार हा आत सुखाने वाढत होता.

मोठे साहेब त्या ओंजळीकडे एकदा बघून निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

ती तडक पंपघरात गेली आणि पेटीतून पट्टी काढली. वार सोमवार नव्हता. पट्टीवर बुळबुळीत थर होता आणि थरावर ठिपकेच ठिपके. फोरमन मागे येऊन उभा राहिला. तिने विचारलं, या पट्ट्यांना कुणी हात लावतं का? लावतात की, तो म्हणाला, काका दर सोमवारी तुम्ही यायच्या आधी घासून स्वच्छ करतात. आपली घासणीसुद्धा वेगळी ठेवली आहे. आम्हाला वाटलं, धुवायच्याच असतील. पेटीला हात लावू नका असं तिने नियंत्रण कक्षातल्यांना सांगितलं होतं, प्रयोगशाळेत सांगितलं होतं. जाळीवरच्या कंत्राटी माणसाला कोण सांगणार? त्याला सांगायला त्याच्याशी बोलावं लागतं.

त्या संध्याकाळी ती बापाच्या खोलीवर गेली. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, कामावरचे कपडेही बदलले नव्हते. फोरमनने त्यांना सगळं सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत तिने त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, की त्या घाणीवरच पिल्लं बसतात का गं? ती हो म्हणाली. मग मी तुझी पिल्लंच पुसत होतो, ते म्हणाले. तुझ्या बाहीला लागलेलं दिसलं. म्हटलं, पोरीचं एवढं मोठं काम, आणि तिने हे घाणेरडं हातात धरायचं? माझ्या हाताला सवय आहे.

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं, मग मुद्द्यावर आले. मुख्य कार्यालयातून चौकशीला कुणी बाई येणार आहेत, मला बोलावतील, मी खरं ते सांगेन, घासल्या म्हणून. पण मी तुझा कोण, हे तू बोलायचं नाही. त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "नीट ऐक. मी तुझा बाप आहे कळलं, तर सगळे म्हणतील पोरीनेच घासायला लावल्या. नाव व्हावं म्हणून. तुझी नोकरी तर जाईलच, वर चोरीचा शिक्का. माझं काय, मला दाताळं कुठेही मिळेल. झाकलेलं आहे ते झाकलेलंच राहू दे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अगदी मुद्देसूद होतं. आणि ते ऐकून तिला सगळ्यात आधी वाटलं ते हायसं. आपण काही करायचं नाही, बापानेच सांगितलंय, असं ते हायसं. खोलीतून बाहेर पडेपर्यंत त्याची शिसारी येऊ लागली होती. जिना उतरताना लक्षात आलं की आज चष्मा पुसायचा राहिला. ती परत वर गेली नाही.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. लांब टेबल, भिंतीवर केंद्राचा नकाशा, खिडकीत एक सुकलेलं रोप. मुख्य कार्यालयातून आलेल्या बाई हडकुळ्या होत्या, आवाज हलका, आणि सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेत होत्या. टेबलाच्या एका बाजूला त्या आणि साहेब, दुसऱ्या बाजूला ती. फोरमन दाराशी. काकांना बसायला सांगितलं होतं, पण ते उभेच राहिले. धुतलेला शर्ट घालून आले होते.

बाईंनी विचारलं, पट्ट्या का घासल्या? काका म्हणाले, शेवाळ धरायचं, मॅडमच्या हाताला लागायचं. कुणी सांगितलं? कुणी नाही. बाईंनी लेखणी थांबवली. त्या म्हणाल्या, की शून्य आकड्यांचा फायदा या केंद्रात एकाच व्यक्तीला झाला आहे, नाव त्यांचं झालं, कौतुक त्यांचं झालं. तेव्हा मी स्पष्टच विचारते, मॅडमनी तुम्हाला घासायला सांगितलं होतं का?

"मॅडम माझ्याशी बोलतच नाहीत, बाईसाहेब," काका म्हणाले. "सोमवारी नमस्कार म्हणतात. तेवढंच."

बाईंनी फोरमनकडे पाहिलं. फोरमनला बोलायला निमित्तच हवं होतं. तो म्हणाला, अगदी खरं आहे, मी रोज तिथे असतो, मॅडम काकांशी कधी एक शब्द बोललेल्या नाहीत. उलट काका दिसले की जरा घाईनेच निघतात. तो हे तिच्या बाजूने बोलत होता. तिच्या निर्दोषपणाचा साक्षीदार मिळाला होता, आणि तो काय सांगत होता? तर ही आपल्या बापाकडे ढुंकूनही बघत नाही.

बाईंचं समाधान झालं. साहेब सैल होऊन मागे टेकले आणि तिच्याकडे बघून किंचित हसलेही. बाईंनी निर्णय वाचावा तसं सांगितलं. पेटीवर सूचना लावली नाही म्हणून केमिस्टना ताकीद. या कामगाराने न विचारता उपकरणाला हात लावला आणि केंद्राचं एवढं नुकसान झालं, तेव्हा त्याचा पास आजच रद्द, आणि त्याला पुन्हा कुठल्याही केंद्रात घेऊ नये असं कंत्राटदाराला कळवायचं. पोलिसांत द्यायचं की नाही ते वर ठरेल. पास इथे ठेवा, त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. चष्म्यात अडकली, ती सोडवली. पासावर फोटो होता आणि फोटोखाली पूर्ण नाव, आडनावासकट. टेबलावर, पास ठेवायचा होता तिथेच जवळ, चौकशीसाठी मांडलेली तिच्या नावाची पाटी उभी होती. तिच्यावरही तेच आडनाव. काकांनी एकदा पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी पास उलटा करून, कोरी बाजू वर ठेवून, हलकेच टेबलावर ठेवला आणि वर दोन बोटं दाबून धरली. वाऱ्याने उलटेल अशी भीती वाटावी तशी. खोलीत वारा नव्हता.

ती त्या बोटांकडे बघत राहिली. पाण्याने कायमची सुरकुतलेली बोटं. आपलं नाव लपवायला इतकी जपून.

"बाबा," ती म्हणाली, "पास उचला."

फोरमनने इकडेतिकडे पाहिलं, ही कुणाला बोलली म्हणून. काका हलले नाहीत. मॅडमना बरं वाटत नाहीये, असं ते साहेबांना सांगू लागले. तेव्हा तिने हात पुढे करून त्यांची बोटं बाजूला केली आणि पास सुलटा केला. साहेबांनी पासावरचं नाव वाचलं, पाटीवरचं वाचलं. त्यांच्या तोंडावरचं मघाचं हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

बाई मात्र शांत होत्या. त्यांनी नवा कागद घेतला. म्हणजे हे तुमचे वडील, त्या म्हणाल्या. मग मघाचं सगळं रद्द. पेटी तुमची, घासणारे तुमचे वडील, आणि फायदा तुमचा. हे तुम्ही दोघांनी मिळून केलं असं मी लिहिणार आहे, आणि मग पोलिसांत जाण्यावाचून उपाय नाही. तुमचं काही म्हणणं आहे?

"त्यांना माहीतच नव्हतं पट्ट्या कशासाठी आहेत."

"स्वतःच्या मुलीची पेटी, आणि वडिलांना माहीत नाही? घरी कधी बोलणं झालं नाही?"

"नाही."

"इथे?"

"इथे तर नाहीच. आत्ता ऐकलंत ना."

"का पण?" बाईंनी विचारलं. आवाजात धार नव्हती, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "यावर विश्वास ठेवायला मला काहीतरी कारण हवं. एकाच जागी काम करणारे बापलेक, आणि बोलत नाहीत. का?"

कारण एकच होतं, आणि ते सांगितलं तरच बाप सुटत होता. ते दोन्ही हात बाजूला सोडून तिच्या शेजारी उभे होते, आणि त्यांच्या देखत सांगायचं होतं. चौघांत, मोठ्याने. तिला वाटलं, त्यापेक्षा आम्ही चोर आहोत असं लिहा म्हणावं. चोरीत निदान दोघं बरोबर असतात.

"मला त्यांची लाज वाटायची," ती म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या फोरमनने मान खाली घातली. साहेब खिडकीतल्या रोपाकडे बघू लागले. बाईंनी लेखणी कागदाला टेकवली, आणि तेवढ्यात काका टेबलाशी एक पाऊल पुढे आले.

"बाईसाहेब, बाकी सगळं लिहा," ते म्हणाले. "पण एवढं लिहू नका. कागदावर राहतं ते. तिला पुढे नोकरी करायची आहे."

"लिहा," ती म्हणाली. "तसंच लिहा. मी सही करते."

काका तिच्याकडे वळले. चष्म्याच्या काचा मळलेल्या होत्या, त्यांतून डोळे नीट दिसत नव्हते. आणि त्या केंद्राच्या आवारात पहिल्यांदाच ते तिच्याशी, साऱ्यांच्या समोर, बापाच्या आवाजात बोलले.

"तू गप्प बस गं जरा. मोठी माणसं बोलतायत."